डब्यातली वीज : कोरबा, रायपूर, अंबिकापूर

धातूच्या डब्यांचा पुनर्वापर आपण पर्यावरणाच्या पेपरात शिकतो. छत्तीसगडमध्ये तो उद्योगाच्या इतिहासातही शिकवायला हवा.

1886 मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे एकच पद्धत शोधली : वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवायचे आणि विजेने धातू वेगळा करायचा. आजही हेच चालते. ढोबळमानाने चार टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना, त्यापासून एक टन धातू मिळतो. विद्युत-विघटनालाच सुमारे 14,000 युनिट वीज लागते. म्हणूनच असा कारखाना विजेच्या जवळ उभा राहतो. 1965 मध्ये स्थापन झालेल्या बाल्कोला कोरबा सोयीचे होते ते तिथल्या कोळशामुळे. हंगेरीच्या साहाय्याने ॲल्युमिनाचा कारखाना झाला, सोव्हिएत साहाय्याने स्मेल्टर. तो 1975 मध्ये सुरू झाला. पुढे सरगुजातल्या मैनपाटच्या पठारावरूनही बॉक्साइट येऊ लागले.

आता पेयाचा रिकामा डबा घ्या. त्यातला धातू ऑक्सिजनपासून आधीच सुटलेला आहे. तो 660 अंशांच्या आसपास वितळवला की झाले. खनिजापासून धातू काढण्याच्या तुलनेत ऊर्जा जेमतेम पाच टक्के लागते. साधारण सत्तर डब्यांचा एक किलो होतो, म्हणजे तेरा-एक युनिट वीज वाचते. शिवाय ॲल्युमिना काढताना उरणारा लाल चिखल टळतो, आणि माझ्या मते हा फायदा विजेइतकाच मोठा आहे.

अन्नाचे डबे बहुधा कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचे असतात. लोहचुंबकाने ते लगेच वेगळे होतात. (आपल्या आजीने रॉकेलच्या डब्यात तांदूळ भरले, तोही पुनर्वापरच.) रायपूरच्या उरला आणि सिलतरा भागातल्या इंडक्शन भट्ट्यांत स्पंज आयर्नबरोबर भंगारही वितळते. मात्र कथील पोलादात जास्त राहिले तर गरम लाटताना तडे जातात.

ॲल्युमिनियमचेही तसेच. डब्याच्या अंगात मँगनीज असते, झाकणात मॅग्नेशियम जास्त. ओतीव भागांच्या भंगारात तो मिसळला की सिलिकॉन शिरते आणि त्या धातूचा पुन्हा डबा होत नाही. म्हणून निवड भट्टीपूर्वीच व्हावी लागते. अंबिकापुरात 2015 पासून बचतगटांच्या महिला घरोघरचा कचरा गोळा करून हाताने वर्गवारी करतात. मैनपाट त्याच जिल्ह्यात आहे.