कासवाचा बाप कोण?

चीनला जाऊन आलेल्या माणसाच्या फोटोंत एक दगडी कासव हमखास असतं. पाठीवर उंच शिलालेख, आणि तोंड बघावं तर ड्रॅगनचं. गाइडने सांगितलेलं असतं: हा बीशी, ड्रॅगनच्या नऊ मुलांपैकी एक, याला ओझं वाहायची भारी आवड.

गोष्ट गोड आहे. पण आपण जरा काळ तपासू या.

सिचुआनमध्ये लूशान इथं फान मिन नावाच्या अधिकाऱ्याचा शिलालेख आहे, इ.स. २०५ चा. त्याच्याखाली कासव आहे. नऊ मुलांच्या याद्या मात्र मिंग काळातल्या विद्वानांच्या, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या. मुलगा आधी जन्मला आणि बाप तेरा शतकांनी सापडला, असा हा प्रकार!

बरं, 'बीशी' हे मुळात नावच नव्हे. ओझ्याखाली जोर लावणं, असा त्याचा अर्थ. हान काळातल्या काव्यात तो तसाच येतो. म्हणजे आधी क्रिया, मग तिचं नाव झालं, आणि नाव आलं की कुळ शोधणं आलंच. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ही खोड चांगली ओळखीची आहे.

मग सुरुवातीला काय होतं? कासवच. दीर्घायुषी, स्थिर. शांग काळात त्याच्या पोटाकडच्या कवचाला उष्णता देऊन तडे पाडत, त्यावरून कौल घेत आणि प्रश्न तिथेच कोरून ठेवत. टिकायला हवीत ती अक्षरं कासवावर ठेवायची, हे मला तरी स्वाभाविक वाटतं. शीआनचा इ.स. ७८१ चा शिलालेख बघा. मजकूर सिरियाई परंपरेच्या ख्रिस्ती पंथाचा, माथ्यावर क्रूस, आणि खाली? कासव. तिथे कुणी ड्रॅगनचं कुळ विचारलं नसणार.

ड्रॅगनचं डोकं ठळक होतं ते पुढे, मिंग-छिंग काळात. तोवर बोलीभाषेत 'कासव' ही शिवी झाली होती. बायको फसवते त्या नवऱ्याला उद्देशून. सम्राटाच्या बापाचा शिलालेख शिवीच्या पाठीवर कसा ठेवायचा? म्हणून त्याला राजकुळात दत्तक घेतलं असावं. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

(आपल्या देवळातलं कासव यात आणू नका. ते नंदीसमोर जमिनीवर निवांत असतं, पाठीवर काही नाही.)

त्या ओझ्याचंही एक सांगतो. १४०५ मध्ये योंगले सम्राटाने वडिलांसाठी नानजिंगजवळ यांगशानच्या खाणीत शिलालेख कोरायला घेतला. पुरा होता तर सत्तर मीटरच्या वर गेला असता. तो हलवताच येईना. १४१३ मध्ये समाधीपाशी उभा राहिला तो दुसराच, नऊ मीटरही न भरणारा, अर्थात कासवावर. पहिल्याच्या पायथ्याचा दगड अजून खाणीतच आहे. त्यातलं कासव बाहेर आलंच नाही.