'चवदार'मधलं 'दार'

शाळेत एका निबंधात मी 'चवदार आमटी' लिहिलं होतं. बाईंनी लाल पेनानं ते खोडून 'रुचकर' केलं आणि फारसी शब्द टाळायला सांगितलं. पुढे कॉलेजात फारसी शिकायला लागले तेव्हा कळलं, की यातली 'चव' आपलीच आहे. फारसी आहे ते फक्त 'दार'.

फारसीत 'दाश्तन' म्हणजे बाळगणं, जवळ असणं. त्याच धातूचं 'दार' हे रूप नामाला जोडलं, की 'ते बाळगणारा' असं विशेषण तयार होतं: मालदार, वफादार. 'नाक' जोडून दर्दनाक, 'मंद' जोडून दौलतमंद. आधी 'बा' लावलं तर बाअदब, 'बे' लावलं तर बेअदब. आजच्या इराणमध्ये या 'बे'चा उच्चार 'बी' करतात. आपल्या तोंडी काही शतकांपूर्वीचा उच्चार टिकून आहे.

विशेषण नामाला जोडायची फारसीची रीत मात्र मराठीला मानवली नाही. तिथे नाम आधी, विशेषण नंतर आणि मध्ये 'इ'चा सांधा: 'गुल-इ-सुर्ख' म्हणजे लाल फूल. दोन नामंही अशीच जोडतात, जसं 'कोह-इ-नूर'. मराठीत 'लाल' आधीच येतं, सांध्याची गरजच नाही. म्हणून 'सर-इ-नौबत'चा आपल्याकडे 'सरनोबत' झाला.

शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनोबताचा सेनापती. दरबारातली पदनामं अशी बदलता आली.

पण प्रत्यय दरबारात बसून राहिले नव्हते. ते शेतात, स्वयंपाकघरात शिरले आणि मराठी शब्दांना चिकटले. धारदार, पाणीदार, वळणदार. बेभान, बेछूट. पीक न देणारी जमीन नापीक. पुढे इंग्रजी परीक्षा आल्या, तर 'पास' न होणारा नापास! परका शब्द हुडकून काढता येतो. पण ज्या हत्यारानं आपण स्वतःचे शब्द घडवतो, त्याला परकं कसं म्हणणार?

बाईंचा राग नाही, त्यांना मराठी जपायचीच होती. पण २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब ज्या तळ्याचं पाणी प्यायले, त्याला एकदा 'रुचकर तळं' म्हणून पाहा.