इनामगावच्या चुलीची राख



इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, किल्ले आणि लढाया आठवतात. पण चुलीचा आणि बळदाचाही इतिहास असतो. तो शोधायला शिकलेली माणसं वर्षानुवर्षं मातीत बसतात. आज आपण त्यांच्या कामाबद्दल बोलू.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. मातीखाली निघालं एक शेतकरी गाव, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेलं. शंभराहून जास्त घरं, चुली, धान्याची बळदं, रंगवलेली मडकी. जातं मात्र नाही. तेव्हा दळण दगडी पाट्यावर घासूनच व्हायचं. हात किती भरून येत असतील, ते आपल्याला कुणी सांगायला नको!

तिथे ना शिलालेख, ना कुणाचं नाव. मग एवढं कळलं कसं? एकट्या इतिहासाच्या अभ्यासकाचं ते काम नव्हतंच. वनस्पती ओळखणाऱ्यांनी जळके दाणे तपासले आणि सांगितलं, इथे सातू पिकत होता, मसूरही होती. जो दाणा भाजताना करपला, तोच टिकला. चांगला होता तो खाल्ला गेला. प्राण्यांचे जाणकार हाडांवरून गाय, शेळी, हरीण ओळखत होते. नदीचं पाणी वळवायला लोकांनी पाट खणला होता, बांध घातला होता. पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार. म्हणजे गावात मोठा आणि लहान हा भेद तेव्हाही होताच.

इ.स.पू. १०००च्या सुमारास मात्र चित्र पालटतं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. शेती घटते, शिकार वाढते. पाऊस कमी झाला असावा, असं ढवळीकरांचं मत. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही. आम्हाला हा वाद आवडतो. एकाने म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, असं इथे चालत नाही. पुरावा दाखवावा लागतो.

आता जरा जड गोष्ट. या गावात दोनशेहून जास्त दफनं सापडली आणि त्यांत बहुतेक लहान मुलं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळ, आणि ती पुरायची घराच्याच जमिनीखाली. शास्त्रज्ञांनी त्या बाळांचे दुधाचे दातही तपासले. दात तयार होत असताना पोषणाची आबाळ झाली, आजार आला, तर दातावर खूण राहते. कागदावर कधीच न आलेल्या आयांचं दुःख असं दातांवरून वाचता येतं. त्या जमिनीवर मग पुन्हा सारवण होत असेल, स्वयंपाक होत असेल.

एका घरात जमिनीखाली मातीची झाकणाची डबी निघाली. आत बाईची मूर्ती, तिला डोकं नाही. सोबत मातीचा बैल. काडीने मूर्ती बैलावर बसवता येईल, अशी भोकं दोघांना आहेत. मुलांना जपणारी देवी असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.