बेशरमचं झाड तोडलं तरी पुन्हा का उगवतं?

विदर्भ-मराठवाड्यात तलावाच्या किंवा नाल्याच्या काठाने गेलात, तर फिकट जांभळ्या, भोंग्यासारख्या फुलांची दाट झुडपं हमखास दिसतील. कापा, फेका, तरी उगवतंच, म्हणून याचं नाव पडलं बेशरम. शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आपल्याकडे कुंपणाला लावलं गेलं आणि तिथून पाण्यात उतरलं.

आता हा निगरगट्टपणा येतो कुठून? खोडावर जिथे पान फुटतं ते पेर. प्रत्येक पेरावर एक झोपलेला डोळा असतो, उसाच्या कांडीवर असतो तसाच. शेंडा शाबूत असेपर्यंत तिथून खाली येणारं ऑक्झिन हे संप्रेरक या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा छाटला की दाब संपला, डोळे फुटले! खोडाचा तुकडा वेगळा पडला, तर त्यातलं ऑक्झिन खालच्या टोकाशी साचतं आणि तिथे मुळं सुटतात. पानं येईपर्यंत खोडात साठलेलं अन्न पुरतं.

नवल वाटायला नको. बेशरम हे रताळ्याचंच भावंड आहे आणि रताळ्याची लागवडही वेलाचे तुकडे खोचूनच होते.

म्हणूनच भर पाण्यात जेसीबी घालून झुडपं ओरबाडणं म्हणजे एका परीने लागवडच. तुकडे तरंगत जातात, ओल्या गाळात रुततात, नवं बेट तयार होतं. मग गाळ अडतो, जाळं टाकायला जागा उरत नाही. दुष्काळात चारा संपला की शेळ्या हीच पानं खातात. त्यातलं स्वेन्सोनीन हे विष साचत गेलं की त्या झोकांड्या खातात, दगावतातही.

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या गटांनी काही ठिकाणी वेगळी वाट धरली. बेशरम मुळासकट उपटायची आणि मोकळ्या जागी देशी पाणवनस्पती लावायच्या. काम कष्टाचं आहे, पण जागा रिकामी राहत नाही.

तुमच्या गावात श्रमदान ठरत असेल, तर पाणी ओसरल्यावर उन्हाळ्यातच करा. उपटलेला माल काठावर टाकू नका. पाण्यापासून लांब, कोरड्या कातळावर कडकडीत वाळू द्या. पहिल्या पावसानंतर पुन्हा एक चक्कर मारा, सुटलेले तुकडे तेव्हा कोंब काढून बसलेले असतात.