वाटेकरी की भागीदार? चांद्याच्या वनव्यापारातील भागीदारीचा कायदा आणि त्याची भाषा

अनेकांनी मिळून व्यापार करण्याच्या व्यवहाराला मराठीत शब्दांची वाण नाही. वाटा, हिस्सा, पाती, भागी आणि अरबी-फारसीतून आलेली सरकत हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वाटेकरी कोण आणि भागीदार कोण, असे विचारल्यास बहुतेक व्यापारी दोहोंत काही भेद सांगणार नाहीत. कायदा मात्र या दोहोंमध्ये फार मोठे अंतर मानतो. वाटेकऱ्याला ठरलेला पैसा मिळाला की त्याचा संबंध संपतो. भागीदार हा इतर भागीदारांचा मुखत्यार असतो. तो इतरांना आपल्या कृतीने बांधतो आणि त्यांच्या कर्जाला स्वतःही बांधला जातो. भागीदारीतील तंट्यांचे मूळ पुष्कळदा लबाडीत शोधले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते तितक्याच वेळा या एका भेदाच्या विस्मरणात असते. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील, वनव्यापाराच्या आधारे हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आपल्या धर्मशास्त्राला हा विषय परका नव्हता. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी चौथे ‘संभूयसमुत्थान’, म्हणजे एकत्र येऊन उद्योग करणे, हे होय. याज्ञवल्क्याने या प्रकरणी घातलेले नियम आजच्या वाचकालाही चकित करतील असे आहेत. नफातोटा गुंतविलेल्या द्रव्याप्रमाणे किंवा ठरावाप्रमाणे वाटावा. इतरांनी मना केलेले किंवा न सांगितलेले काम करून, अथवा निष्काळजीपणाने, कोणी नुकसान केल्यास ते त्याने भरून द्यावे. संकटातून माल वाचविणाऱ्याला दशमांश अधिक मिळावा. कपटी भागीदाराला नफा न देता काढून टाकावे. आणि ज्याला स्वतः काम करणे शक्य नाही त्याने ते दुसऱ्याकडून करवून घ्यावे. बृहस्पतीने तर भागीदारांच्या आपसांतील वादात तेच परस्परांचे परीक्षक आणि साक्षी, असे म्हटले आहे. हा शेवटचा नियम ज्या समाजात सर्व भागीदार एकाच पेठेत राहतात तेथे शोभणारा आहे. ज्या धंद्यात एक भागीदार शहरातील पेढीवर आणि दुसरा जंगलातील फळीवर असतो, तेथे परस्परांचे साक्षी होणे त्यांना कसे साधावे?

इंग्रजी अमदानीत हा विषय प्रथम १८७२ च्या करार कायद्याच्या अकराव्या प्रकरणात आला. ते प्रकरण रद्द होऊन १९३२ चा भारतीय भागीदारी अधिनियम त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमातील व्याख्येत तीन गोष्टी आहेत : करार, नफ्याची वाटणी, आणि सर्वांच्या वतीने सर्वांनी किंवा त्यांच्यापैकी कोणी चालविलेला धंदा. यांपैकी तिसरी गोष्ट हा व्याख्येचा प्राण होय. इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेने कॉक्स विरुद्ध हिकमन या खटल्यात १८६० मध्ये हेच सांगितले होते की, नफ्यात वाटा मिळतो एवढ्यावरून कोणी भागीदार ठरत नाही. सहाव्या कलमाने हे तत्त्व उचलले. ज्याला पगाराऐवजी नफ्याचा अंश मिळतो तो नोकर, व्याजाऐवजी नफ्याचा अंश घेणारा सावकार, किंवा मृत भागीदाराची विधवा, यांना केवळ त्या अंशामुळे भागीदार म्हणता येत नाही.

आता चांद्याच्या जंगलाकडे वळू. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा प्रदेश इंग्रजांकडे गेला आणि १८६१ पासून मध्य प्रांतात मोडू लागला. सरकारी राखीव जंगलाबरोबर अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्यांची जंगलेही येथे होती. साग, बांबू, लाख, मोहफुले आणि पुढे विडीच्या धंद्याबरोबर महत्त्वास चढलेला तेंदूपत्ता, हा येथला व्यापारी माल. यांपैकी तेंदूपत्त्याची रीत भागीदारीच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. पाने तोडण्याचा हंगाम उन्हाळ्यातील थोड्या आठवड्यांचा. तेवढ्यात झुडपांची आधी छाटणी करवणे, गावोगाव संकलनाच्या फळ्या उघडणे, सत्तर पानांच्या पुडक्यांची मोजदाद ठेवणे, मजुरी रोख देणे, पाने वाळवून गोण्यांत भरणे आणि पावसाच्या आत गोदामात नेणे, ही सर्व कामे उरकावी लागतात. लिलावाची रक्कम मात्र आधी भरावी लागते आणि विक्रीचा पैसा फार उशिरा येतो. ज्याच्याजवळ भांडवल आहे त्याला जंगल ठाऊक नाही, आणि ज्याला जंगल ठाऊक आहे त्याच्याजवळ भांडवल नाही. अशा धंद्यात एकट्याने उतरणे जवळजवळ अशक्यच. म्हणून ठेका एकाच्या नावाने आणि पैसा चौघांचा, हा प्रकार स्वाभाविक ठरतो. आणि त्या चौघांचे परस्परांशी नाते काय, हे लिहून ठेवण्याची निकड लिलावाच्या धांदलीत कोणालाही वाटत नाही.

ठेका एकाच्या नावे असण्यात आणखी एक धोका आहे. परवान्याच्या अटींनी भागीदार घेण्यास किंवा ठेका हस्तांतरित करण्यास मनाई केली असेल, तर त्या अटी मोडून केलेली भागीदारी करार कायद्याच्या २३ व्या कलमाखाली मुळातच निरर्थक ठरू शकते. मद्यविक्रीच्या परवान्यांबाबत न्यायालयांनी असे निर्णय दिले आहेत. तेव्हा भागीदारीपत्र करण्यापूर्वी ठेक्याच्या अटी वाचणे अगत्याचे.

लेखी दस्तऐवजाचे मोल या प्रदेशातील व्यापाऱ्यांना शिकविले ते मात्र भागीदारीच्या खटल्यांनी नव्हे. शिकविले ते जमीनदारी निर्मूलनाने. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालकी हक्क राज्याकडे गेले आणि जमीनदारांकडून जंगलाचे हक्क विकत घेतलेले व्यापारी सर्वोच्च न्यायालयात धावले. छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी या विडीच्या पेढीला १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयाने दिलासा मिळाला. पण तो टिकला नाही. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य (१९५८) या खटल्यात लाकूड तोडून नेण्याचा हक्क देणारा दस्तऐवज नोंदलेला नव्हता. न्यायालयाने म्हटले की, हा स्थावरातील हितसंबंध असेल तर नोंदणीवाचून तो निर्माणच झाला नाही, आणि नुसता वैयक्तिक करार असेल तर तो राज्याला बांधत नाही. महादेव विरुद्ध मुंबई राज्य (१९५९) या खटल्यात तेंदूपत्त्याचे करारही याच वाटेने गेले. येथे एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. विडीच्याच एका पेढीच्या, मोहनलाल हरगोविंद यांच्या, प्राप्तिकराच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने १९४९ मध्ये असे ठरविले होते की, पाने तोडण्याच्या अल्पमुदतीच्या करारांचा खर्च हा कच्चा माल मिळविण्याचा चालू खर्च होय, भांडवली नव्हे. जमिनीत त्या करारांनी हक्क मिळत नाही. तेच पान करासाठी माल ठरले आणि दहा वर्षांनी जमिनीतला हितसंबंध! शब्दाचा अर्थ प्रसंगावर अवलंबून असतो हे भाषाशास्त्राला नवे नाही. पण त्याची किंमत इतक्या रोख रकमेत क्वचितच मोजावी लागते.

पुढे राज्याने १९६९ च्या कायद्याने तेंदूपत्त्याच्या व्यापाराचे नियमन आपल्या हाती घेतले आणि जंगलाचे घटक पाडून ते खरेदीदारांना देण्याची पद्धत रूढ झाली. खरेदीदार बदलले, भागीदारीची गरज बदलली नाही.

१९३२ च्या कायद्याने भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची केली नाही. पण ६९ व्या कलमाने नोंदणी न करणाऱ्यास न्यायालयाचे दार बंद केले. नोंदणी नसेल तर भागीदाराला कराराच्या आधारे संस्थेवर किंवा इतर भागीदारांवर दावा लावता येत नाही, आणि संस्थेला बाहेरच्या माणसावरही लावता येत नाही. तथापि एक खिडकी उघडी होती : संस्थेचे विसर्जन मागणे, विसर्जित संस्थेचा हिशेब मागणे आणि तिची मालमत्ता वसूल करणे, हे हक्क नोंदणीविना शाबूत होते. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने ही खिडकीही लावून टाकली. मृत भागीदाराचे वारस आणि सहा महिन्यांपर्यंतच्या किंवा दोन हजार रुपयांपर्यंत भांडवलाच्या संस्था तेवढ्या वगळल्या. हेतू चांगला होता. लोकांनी नोंदणी करावी, म्हणजे तंटे कमी होतील, असा. परिणाम कोणाच्या पथ्यावर पडणारा होता? हिशेबाच्या वह्या आणि शिल्लक रक्कम ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या. नोंदणी न करण्याचा दोष सर्व भागीदारांचा, आणि शिक्षा मात्र फळीवर राबलेल्या व रिकाम्या हाताने परतलेल्या एकट्याला. सहा महिन्यांची सवलत हंगामी धंद्यासाठीच जणू केलेली दिसते. पण पाने तोडणे जूनच्या आत संपले तरी गोदामातील माल विकून हिशेब मिटेपर्यंत सहा महिने सहज उलटतात. सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश रघुवंद्र राव या खटल्यात २००९ मध्ये ही दुरुस्ती संविधानाच्या १४, १९(१)(छ) आणि ३००-क या अनुच्छेदांशी विसंगत म्हणून रद्द केली. हा निर्णय योग्यच झाला असे म्हणावयास हरकत नाही. तंटा न्यायालयात येऊ न देणे म्हणजे तंटा टाळणे नव्हे.

तंटा टाळण्याची जागा भागीदारीपत्रात आहे, आणि तेथे प्रश्न पुन्हा भाषेचा येतो. ‘रुपयात चार आणे वाटा’ ही जुनी शब्दयोजना घ्या. चार आणे कशात? नफ्यात, की उलाढालीत? तोट्याचे काय? चौथ्या कलमाच्या व्याख्येतही तोट्याचा उल्लेख नाही. तो येतो तेराव्या कलमात, आणि तेथे नियम असा की, वेगळा ठराव नसेल तर नफा व तोटा दोन्ही समान वाटावयाचे, मग भांडवल कोणाचे किती का असेना. लाख रुपये घालणारा आणि केवळ अंगमेहनत घालणारा, दोघे कागदाच्या मौनामुळे बरोबरीचे होतात. तसेच ‘हंगामापुरती भागी’. हंगाम तोडणीचा की विक्रीचा? मुदत ठरलेली नसेल आणि संपण्याची अटही नसेल, तर भागीदारी मर्जीवर चालणारी ठरते व कोणीही लेखी सूचना देऊन ती मोडू शकतो. विशिष्ट कामापुरती असेल तर काम संपताच ती संपते. एका हंगामानंतर दुसरा हंगाम तसाच, नवा कागद न करता, सुरू केला तर पुन्हा ती मर्जीवर येते. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा हक्क बाराव्या कलमाने प्रत्येक भागीदाराला दिला आहे. पण वह्या कोठे, कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत ठेवावयाच्या हे कायदा सांगत नाही. मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांच्या, आणि गुजराती पेढ्यांशी व्यवहार करणाऱ्यांच्या प्रदेशात हे कलम कागदावरच राहू नये असे वाटत असेल, तर भागीदारीपत्रात त्याची स्वतंत्र तरतूद हवी.

अलीकडे या प्रश्नाला तिसरा पक्ष मिळाला आहे. वनहक्कांच्या २००६ च्या कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासपुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि पुढे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपत्ताही स्वतः विकू लागल्या. ठेकेदाराशी ग्रामसभेचे नाते विक्रेत्याचे, भागीदारीचे नव्हे. परंतु ठेकेदार पैसे थकवू लागला म्हणजे त्याच्यामागे कोण आहेत हे शोधणे ग्रामसभेला भाग पडते. येथे कायदा तिच्या बाजूचा आहे. ६९ व्या कलमाची बंदी नोंदणी नसलेल्या संस्थेने लावलेल्या दाव्याला आहे, तिच्यावर लावलेल्या दाव्याला नाही. आणि २५ व्या कलमान्वये संस्थेच्या प्रत्येक कृतीबद्दल प्रत्येक भागीदार इतरांसह तसाच एकटाही जबाबदार असतो. संस्था नोंदलेली असेल तर ६६ व्या कलमाखाली नोंदवही कोणालाही पाहता येते, आणि तीतील निवेदनावर ज्याने सही केली त्याला ते नाकारता येत नाही. म्हणून करार करतानाच ग्रामसभेने नोंदणीचा उतारा मागावा हे श्रेयस्कर. नोंदणी नसेल तर भागीदारीचा पुरावा ग्रामसभेलाच गोळा करावा लागतो, आणि ठेका ज्याच्या नावाने आहे तो माणूस सोडून बाकीचे, ज्यांचा पैसा आणि नफा त्या ठेक्यात होता ते सारे, आम्ही भागीदार नव्हतो, आमचा फक्त वाटा होता, असे सांगण्यास मोकळे राहतात.