हिरवे राजकारण आणि सूर्येचे पाणी

पश्चिम जर्मनीतील हेसन राज्यात १९८५ च्या डिसेंबरात ग्रीन पक्षाचे योश्का फिशर पर्यावरणमंत्री झाले. पक्ष लहान होता. पण मोठ्या पक्षाला बहुमतासाठी त्याची गरज होती. १९८७ च्या फेब्रुवारीत हानाऊच्या अणुइंधन कारखान्याच्या परवान्यावरून ही आघाडी मोडली. मूठभर आमदारांच्या पक्षाने अणुकारखान्याच्या प्रश्नावर राज्य सरकार पणाला लावले, ही घटना आपल्याकडच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. पण यांपैकी कशावरूनही मुंबईतले सरकार डळमळले नाही. असे का व्हावे?

पालघर जिल्ह्यात विधानसभेचे सहा मतदारसंघ आहेत. त्यांपैकी डहाणू, विक्रमगड, पालघर व बोईसर हे चार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. म्हणजे आदिवासी प्रतिनिधी नाहीत असे नाही. परंतु त्यांची उमेदवारी बहुधा इतरांच्या हाती असते. १९३२ च्या पुणे करारानंतर बाबासाहेबांनी जो प्रश्न वारंवार मांडला तो हाच : प्रतिनिधी आमचा, पण तो उत्तरदायी कोणाला? पक्षश्रेष्ठींना बंदर हवे असेल, तर राखीव जागेवरचा आमदार समुद्राच्या बाजूने किती काळ उभा राहणार?

ही पोकळी तीन मार्गांनी भरण्याचा प्रयत्न झाला.

पहिला मार्ग न्यायालयाचा. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ च्या डिसेंबरात न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ साली त्याने वाढवण बंदराला नकार दिला. औष्णिक वीज केंद्राला गंधकमुक्तीची यंत्रणा बसवायला लावली. एखाद्या पर्यावरणवादी पक्षाला मंत्रिमंडळात बसूनही साधले नसते, ते या समितीने साधले. पण तिची ताकद मतदारांतून आलेली नव्हती. न्या. धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत निवर्तले. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने त्याच बंदराला परवानगी दिली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. लोकांनी न निवडलेल्या रक्षकाला लोक जाब विचारू शकत नाहीत.

दुसरा मार्ग निवडणुकीचा. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे २००९ साली गावे महानगरपालिकेत कोंबली गेली, तेव्हा त्याविरुद्धच्या जनआंदोलनाच्या बळावर विवेक पंडित अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. वेठबिगारांच्या मुक्तीसाठी झटलेला हा कार्यकर्ता बागायतदार गावांचाही आमदार झाला. २०११ साली २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली. एकट्या आमदाराच्या मागे संघटित गावे असली की सरकारला हलावे लागते, हे त्यातून सिद्ध झाले. पण प्रकरण न्यायालयात अडकले, आणि २०१४ साली ती जागाही गेली.

या मार्गाची खरी मर्यादा मात्र निवडणुकीतल्या पराभवापेक्षा खोल आहे. वाढत्या वसई-विरारची तहान भागवते कोण? सूर्या नदी. धामणीचे धरण डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी म्हणून बांधले गेले. त्यासाठी आदिवासींच्या जमिनी बुडाल्या. आता सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरार व मीरा-भाईंदरला दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी देण्याचे ठरले आहे. किनाऱ्यावरची वाडी हिरवी राहावी, ही मागणी न्याय्यच आहे. परंतु डोंगराकडच्या शिवारातील पाणी कोणाच्या नळाला जाते, हे न विचारणारे हिरवे राजकारण वसईच्या वेशीबाहेर पोहोचणार कसे?

तिसरा मार्ग जातसंघटनेचा. तारापूरच्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, मासेमारांची संघटना. २०२२ साली लवादाने कारखान्यांवर जबर भरपाई बसवली. जे काम पक्षाने करायचे ते एका जातीच्या परिषदेला करावे लागले. तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे; पण मांगेल्यांचा लढा मांगेल्यांचा, वारल्यांचा वारल्यांचा आणि कंत्राटी कामगाराचा कोणाचाच नाही, अशी विभागणी व्यवस्थेला सोयीचीच असते. कारखान्याच्या विषारी वायूत सर्वांत आधी श्वास घेणारा तो कामगार पर्यावरणाच्या चर्चेत अजून आलेलाच नाही. कारखाना बंद झाला तर त्याची चूल विझते आणि चालू राहिला तर छाती जाते.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब तळ्यावर गेले, तेव्हा पर्यावरण हा शब्द आपल्या राजकारणात नव्हता. पण पाणी कोणाचे, हा प्रश्न त्यांनी रोखठोक विचारला. पालघरमध्ये लहान पक्ष निघायचा असेल, तर त्याने याच प्रश्नापासून आरंभ करावा. सूर्येच्या लाभक्षेत्रातला शेतकरी, सातपाटी-वाढवणचा मासेमार आणि बोईसरचा कंत्राटी कामगार एका यादीवर उभे राहिले, तर आमदार दोनच निवडून आले तरी चालेल. हेसनमध्येही संख्या थोडीच होती. ज्यांचे पाणी गेले त्यांच्या हातात उमेदवारी असणे, हे अधिक महत्त्वाचे आहे.