गावात सिनेमा येतो तेव्हा

सिनेमावाले प्रथम गावात आले तेव्हा काय झालं, याची एक हकिकत आपल्याच मुलखातली आहे. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढीत होते. आतली दृश्ये दादरच्या बंगल्यात होत. रानातल्या दृश्यांसाठी त्यांनी मंडळींना पुढे वांगणीला धाडले. कल्याणच्या पलीकडचे, रेल्वेच्या वाटेवरचे हे गाव. दादासाहेब स्वतः अजून मुंबईतच होते. रिकामे बसून काय करायचे, म्हणून नटमंडळींनी तलवारी-भाले काढून तालीम सुरू केली. गावकऱ्यांनी हे पाहिले आणि एकच हाकाटी झाली, दरोडेखोर आले! पाटलाने फौजदाराला वर्दी दिली. ‘अहो, आम्ही सिनेमाची माणसं,’ असे ही मंडळी काकुळतीने सांगत होती. पण सिनेमा म्हणजे काय, हे फौजदारसाहेबांना तरी कुठे ठाऊक? पेट्या उघडल्या तर आत ढाली, तलवारी, मुकुट! मुद्देमालच सापडला म्हणायचा. सगळे अटकेत. दादासाहेब आले, कॅमेऱ्यात फीत न घालताच त्यांनी एक प्रसंग घेऊन दाखविला, तेव्हा कुठे सुटका झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो चित्रपट लागला.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलं गावकऱ्यांना हसतात. मला काही हसू येत नाही. हत्यारं घेतलेली परकी माणसं शिवारात दिसली, तर पाटलानं वर्दी द्यायलाच हवी. गावात आधी जाऊन दोन शब्द सांगावेत, एवढं मात्र कुणाला सुचलं नाही.

पुढे नव्वद वर्षांनी काय झालं ते वाईला दिसतं. वाईपासून जवळच मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा दगडी घाट आहे. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीजांची मोठी घंटाही तिथेच टांगलेली आहे. २००३ चा ‘गंगाजल’ घडतो बिहारात, पण त्याचं चित्रीकरण झालं वाईकडे. २००४ च्या ‘स्वदेस’मधलं चरणपूर म्हणजे आपली मेणवलीच. २०१० च्या ‘दबंग’लाही वाईच लागली. कृष्णामाईनं उत्तरेकडच्या नद्यांची किती सोंगं घेतली, ते तीच जाणे!

घाट तर महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. मग कंपन्या पुन्हा पुन्हा इथेच का येतात? मुंबई-पुण्याहून रस्ता सोयीचा, राहायला पाचगणी हाकेवर, हे झालंच. पण एकदा चित्रीकरण सुरळीत पार पडलं की गावात जाणती माणसं तयार होतात. गर्दीतली माणसं कोण जमवील, बैलगाडी कुणाकडे आहे, दीडशे पानांचं जेवण वेळेवर कोण देईल, हे ज्याला तोंडपाठ असतं असा एखादा गडी गावात निघाला, की कंपनीचं निम्मं काम झालं. फाळक्यांच्या काळी कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई स्वतः करीत. आता तो पैसा गावातल्या चुलींना मिळू शकतो.

मिळू शकतो म्हटलं. मिळतोच असं नाही. माझ्या माहितीतल्या एका गावाची गोष्ट सांगतो. तिथे एका कंपनीनं शाळेची भिंत चार दिवसांसाठी मागितली. सरपंच भला माणूस, तोंडीच हो म्हणाला. कंपनीनं भिंतीला रंग दिला, वर ‘पोलीस चौकी’ असं ठळक लिहिलं, चित्रीकरण उरकलं आणि मंडळी गेली ती गेलीच. सबंध पावसाळा पोरं चौकीत बसून पाढे म्हणत होती. पुन्हा रंग द्यायला पैसे कुठून आणायचे? कागद नव्हता, अनामत नव्हती, भिंत आधी कशी होती याचा एक फोटोही नव्हता.

सरकारकडून परवाने मिळणं आता सोपं झालं आहे. केंद्रानं २०१५ साली चित्रपटवाल्यांच्या सोयीसाठी वेगळं कार्यालय काढलं. आपल्या राज्यातही एक खिडकी योजना आहे. पण त्या खिडकीच्या बाहेर कंपनीचा माणूस उभा असतो, गाव नव्हे. गावानं आपली खिडकी ग्रामसभेतच उघडली पाहिजे. गावची जागा किती दिवस द्यायची, भाडं काय, मोडतोड झाली तर भरपाई कोण करील, हे तिथं सर्वांसमोर ठरावं आणि कागदावर उतरावं. शाळेची इमारत असेल तर गुरुजींना आधी विचारावं, आणि अभ्यासाचे दिवस मोडू नयेत. किल्ला संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची, रान असेल तर वनखात्याची परवानगी लागतेच. ती नसताना गावानं भिडेखातर मान डोलावली, तर उद्या जाब गावालाच द्यावा लागेल.

त्या शाळेला पुढे गुरुजींनीच वर्गणी काढून चुना लावला. पण चुना पातळ पडला. अजूनही भिंतीवर पाऊस झिरपला की ‘चौकी’ एवढी अक्षरं वर येतात.